सशाची तार, घुबडाची तार

घरात फायबरचं नवं कनेक्शन घ्यायचं ठरलं तेव्हा विमासाहेबांच्या लग्नाला जेमतेम चारेक महिने झाले होते. हे ऐकून कुणाच्या डोळ्यांपुढे कोवळा नवरदेव उभा राहत असेल, तर त्याला लगेच खाली बसवलेलं बरं. विमासाहेबांना विम्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे कुरकुरत होते आणि डोक्यावर केस म्हणण्यासारखं जे काही होतं ते फक्त कानांच्या वर उरलं होतं. पहिली पत्नी गेल्यानंतर एकटं राहून राहून ते इतके शांत झाले होते, की शेजारी मधूनमधून दार वाजवून ते आहेत ना याची खात्री करून घेत.

नव्या पत्नीही त्यांच्याच वयाच्या. मोठ्या इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरात त्यांचं आयुष्य गेलेलं. अर्ध्या इमारतीला त्यांनी कधी ना कधी इंजेक्शन दिलेलं असल्यामुळे लहानथोर सगळे त्यांना सिस्टर म्हणत. यात पंचाईत एकट्या विमासाहेबांची होती. सगळे म्हणतात म्हणून स्वतःच्या बायकोला सिस्टर म्हणणं जिभेवर येईना, आणि नावानं हाक मारायचा धीर होईना. म्हणून हाक मारायची वेळ आली की ते खोकत. सिस्टरना सुरुवातीला वाटलं, छाती भरलीय. त्यांनी दोन दिवस वाफारा दिला. विमासाहेबांनी तो निमूटपणे घेतला, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा वाफारा सोपा होता.

दोघंही एकमेकांशी फार अदबीनं वागत. चहाचा शेवटचा कप कुणी घ्यायचा यावर "तुम्ही घ्या", "नाही, तुम्ही" इतकं चाले की शेवटी तो कप बेसिनमध्ये ओतावा लागे. पंखा कितीवर ठेवायचा हे एकमेकांना विचारण्यात उन्हाळा निघून गेला. पाहणाऱ्याला वाटावं, एका घरात दोन पाहुणे उतरलेत आणि यजमान बाहेरगावी गेलाय.

जुनं इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येई आणि दमलेलं येई. एकट्या विमासाहेबांना ते पुरत होतं. रोज सकाळी ते त्यावर कुठल्यातरी अनोळखी माणसाशी बुद्धिबळ खेळत. पण सिस्टरही सकाळीच, त्यांच्या जुन्या मैत्रिणींबरोबर, स्क्रीनसमोर उभ्या राहून व्यायाम करत. दोन्ही एकदम सुरू झालं की तिकडे सगळ्या नर्सबाई हात वर करून तशाच थिजत आणि इकडे विमासाहेबांचा उंट पटावर अर्ध्या वाटेत उभा राही. एके दिवशी विमासाहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले, "बुद्धिबळाचा हल्ली कंटाळाच आलाय." त्याच दिवशी सिस्टर म्हणाल्या, "गुडघा दुखतोय. व्यायाम बंदच ठेवते थोडे दिवस." त्यानंतर रोज सकाळी दोघं समोरासमोर बसून पेपरची पानं वाटून घेऊ लागली आणि मोकळं झालेलं इंटरनेट घरात एकटंच फिरू लागलं.

हे समोरच्या काकूंच्या लक्षात आलं. काकूंच्या लक्षात येत नाही असं त्या मजल्यावर काही घडत नसे.

"सिस्टरचा गुडघा दुखतोय म्हणता?" त्या विमासाहेबांना म्हणाल्या. "काल तर माझ्यादेखत जिना चढून आल्या, दोन-दोन पायऱ्या एकदम. आणि तुम्ही दुपारी काचेच्या टेबलावर बोटानं घोडा काय फिरवताय. नवं कनेक्शन घ्या. फायबर. आमच्या जावयांनी घेतलंय."

"स्पीड चांगला आहे का?"

"जावई तसे हळूच आहेत. इंटरनेट चांगलं आहे."

मग विमासाहेबांनी काम हातात घेतलं. बारीक टायपात छापलेलं काहीही आपल्याला फसवू शकत नाही, असा त्यांचा ठाम समज होता, कारण जन्मभर त्यांनी तसलंच लिहिलं होतं. इमारतीत दोन कंपन्यांचं फायबर येत होतं. एकीच्या पत्रकावर ससा होता, धावणारा. दुसरीच्या पत्रकावर घुबड होतं, डोळे वटारून बसलेलं, आणि खाली 'आम्ही रात्रभर जागे' असं लिहिलेलं. विमासाहेबांनी दोन्ही पत्रकं भिंगाखाली घेतली आणि सशाच्या कंपनीला फोन लावला.

"तुम्ही 'शंभर एमबीपीएसपर्यंत' असं लिहिलंय. यातल्या 'पर्यंत'चा अर्थ काय?"

"म्हणजे शंभरपर्यंत स्पीड मिळेल, सर," पलीकडची मुलगी म्हणाली.

"म्हणजे पाच मिळाला, तरी तो शंभरपर्यंतच झाला."

"पाच नाही मिळणार, सर."

"हे लेखी द्याल?"

पलीकडे संगीत सुरू झालं. विमासाहेबांनी ते पूर्ण ऐकलं आणि आदरानं फोन ठेवला. कचेरीत अशा वेळी ते स्वतः समोरच्याला पाणी देत असत.

सल्ले मात्र सगळीकडून येऊ लागले. इमारतीच्या कमिटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये म्हणाले, "आमच्याकडे घुबड आहे. बंद पडतं, पण आधी मेसेज येतो. माणूस तयारीत राहतो." खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे ससा होता. त्यांनी विमासाहेबांची दाढ तपासता तपासता त्याचे गुण सांगितले, आणि तोंड उघडं असल्यामुळे विमासाहेबांना एकही शंका विचारता आली नाही. बाहेर पडताना ते सशाच्या बाजूचे झालेले होते.

घरी आल्यावर त्यांनी खोकून विचारलं, "तुम्हाला कुठली कंपनी बरी वाटते?"

"मला काय कळतंय त्यातलं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला पटेल ती घ्या."

"नाही, तुम्हाला पटेल ती."

"तुमचा अभ्यास झालाय."

"वापरणार तुम्हीही ना."

हे दोन-तीन दिवस चाललं. पण एका संध्याकाळी सिस्टर घुबडाचं पत्रक हातात धरून बराच वेळ बसलेल्या विमासाहेबांना दिसल्या. "बिचारं रात्रभर जागं असतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. जन्मभर रात्रपाळ्या केलेल्या बाईला त्या पक्ष्याबद्दल काय वाटत असेल हे विमासाहेबांना तिथल्या तिथे कळलं. दुसऱ्या दिवशी बागेच्या बाकावर बसून, कुणाला न सांगता, त्यांनी घुबडाची कंपनी ठरवून टाकली. शनिवारी सकाळी माणूस येणार होता.

इकडे सिस्टरनी लिफ्टजवळ नवऱ्याला सेक्रेटरींसमोर सशाची तारीफ करताना ऐकलं होतं. घरात कधी आवाज न चढवणारा माणूस सशाबद्दल बोलताना हातवारे करत होता. सिस्टरनी त्याच दुपारी सशाच्या कंपनीला फोन केला. शनिवारी सकाळी माणूस येणार होता.

शनिवारी आधी घुबडाचा माणूस आला. तो उंच होता आणि दारातून वाकून आत आला. विमासाहेब सिस्टरकडे बघून गालातल्या गालात हसले. तेवढ्यात पुन्हा बेल वाजली आणि सशाचा माणूस आला. तो चष्मेवाला होता. सिस्टर विमासाहेबांकडे बघून गालातल्या गालात हसल्या. मग दोघंही एकमेकांचं हसू बघून गंभीर झाली.

"मला वाटलं, तुम्हाला ससा आवडतो," सिस्टर म्हणाल्या.

"आवडतो. पण तुम्हाला घुबड आवडतं."

"आवडतं. म्हणून काय झालं?"

उंच माणूस आणि चष्मेवाला पूर्वी एकाच कंपनीत होते. त्यांनी एकमेकांच्या घरची विचारपूस केली, कुणाची बदली कुठे झाली ते सांगितलं, आणि मग उंच माणूस समजूतदारपणे म्हणाला, "भोक तर एकच लागेल ना. ते पाडून ठेवू. कुणाची तार घ्यायची ते तुम्ही आरामात ठरवा."

शेकडो ठिकाणी तारा ओढलेल्या माणसाच्या सराईतपणानं त्यानं हॉलभर नजर फिरवली आणि मधल्या भिंतीशी जाऊन उभा राहिला. "राउटर घराच्या मध्यावर हवा. इथं बसवू. हे काचेचं शोकेस जरा सरकवलं की झालं."

त्या शोकेसमध्ये चिनीमातीचे पक्षी होते. विमासाहेबांच्या पहिल्या पत्नीनं हौसेनं जमवलेले. चिमण्या, बदकं, एक मान वाकडी केलेला बगळा. दर रविवारी विमासाहेब ते स्वतः पुसत. सिस्टर या घरात आल्यापासून त्या काचेला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

"तिथं नको," विमासाहेब म्हणाले.

"तिथं नको," सिस्टर म्हणाल्या. खरं तर त्या थोड्या आधी म्हणाल्या.

मग विमासाहेब पॅसेजमध्ये गेले आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर त्यांनी हात थोपटला. "इथं घ्या. ही भिंत कोरडी आहे. इमारत बांधत होते तेव्हा मी रोज इथं येऊन उभा राहायचो. हिच्यातली वीट न् वीट मला माहीत आहे."

सिस्टरनी भिंतीकडे बघितलं, भिंतीपलीकडच्या नळाकडे बघितलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

ड्रिलचा आवाज सुरू झाला, मग एकदम बदलला, आणि भिंतीतून पाण्याची धार आली. ती जोरदार होती आणि सरळ होती. उंच माणसाचा शर्ट भिजवून ती पॅसेज ओलांडून हॉलमध्ये गेली आणि शोकेसच्या काचेवर आपटली. चष्मेवाल्याला काही दिसेनासं झालं. तो तार हातात घेऊन खुर्चीवर चढला. आणि विमासाहेबांच्या तोंडून, इतके महिने अडकलेली हाक सुटली.

"सिस्टर!"

सिस्टर आल्या त्या पदर खोचून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की दोन्ही कंपन्यांची माणसं आपोआप ताठ झाली. त्यांनी भोकावर अंगठा दाबला. धार थांबली, नुसती कारंज्यासारखी कडेनं उडू लागली. "टॉवेल," त्या म्हणाल्या. उंच माणसानं टॉवेल दिला. "बादली." चष्मेवाल्यानं बादली दिली. "अहो, तुम्ही खाली पळा. मेन व्हॉल्व्हची किल्ली सेक्रेटरींकडे असते. आणि सावकाश पळा."

विमासाहेब सावकाश पळाले. सेक्रेटरी दाढी करत होते.

"पाणी बंद करायचं तर आदल्या दिवशी नोटीस लावावी लागते," ते म्हणाले. "नियम आहे."

"कुणी केला हा नियम?"

"तुम्हीच. कमिटीत होता तेव्हा. शेवटचं कलमही तुमचंच आहे, कुठल्याही सबबीवर अपवाद करू नये."

विमासाहेबांना ते कलम आठवलं. चांगलं बांधलेलं वाक्य होतं ते. आपण जन्मभर लोकांना ज्या भिंतीशी उभं केलं तिच्याशी आज आपण उभे आहोत, असं काहीतरी त्यांच्या मनात येत होतं, पण तेवढ्यात जिन्यावरून दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांच्या एका हातात छोटा आरसा होता आणि खांदे ओले होते. "पाणी माझ्या पेशंटच्या तोंडात पडतंय," ते शांतपणे म्हणाले. "त्याला वाटलं, चूळ भरायची नवी सोय आहे. तो खूश आहे. पण मशीन भिजतंय." सेक्रेटरींनी अर्ध्या दाढीवर किल्ली काढली.

पाणी थांबलं. प्लंबर येऊन गेला. काकू येऊन दोनदा बघून गेल्या. दोन्ही कंपन्यांची माणसं ओल्या कपड्यांनी चहा पिऊन, एकाच गाडीवर बसून गेली. त्यांचं नंतर काय बोलणं झालं माहीत नाही, पण दुपारी दोघांच्याही फोनवर एकेक मेसेज आला. दोन्हीत कनेक्शन यशस्वीरीत्या दिल्याबद्दल अभिनंदन होतं. विमासाहेबांनी सशाला फोन लावला.

"आमच्या सिस्टीमप्रमाणे तुमचं इंटरनेट उत्तम चालू आहे, सर."

"तारच बसली नाही हो अजून. राउटर खोक्यात आहे."

"एकदा बंद करून चालू करून बघता का, सर?"

"खोकं?"

पलीकडे संगीत सुरू झालं.

मग त्यांनी घराच्या विम्याचे कागद काढले. नुकसानभरपाईच्या कलमात लिहिलं होतं, 'घरमालकाच्या सूचनेवरून पाडलेलं छिद्र व त्यातून उद्भवणारं पाणी वगळून'. हेही वाक्य त्यांचंच होतं. विमासाहेबांनी कागद मिटले आणि ते हॉलमध्ये आले.

सिस्टर जमिनीवर टॉवेल पसरून बसल्या होत्या. शोकेसचं दार उघडं होतं आणि त्या एकेक पक्षी काढून पुसत होत्या. विमासाहेब दारातच थबकले.

"तुम्ही कशाला त्रास घेता," ते म्हणाले. "मी पुसतो."

"बसा इथं," सिस्टर म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. विमासाहेब गुडघ्यावर हात टेकत खाली बसले.

"मला माहीत होतं तिथं पाइप आहे," सिस्टर म्हणाल्या. "बाथरूमची भिंत ती. पाइप नसेल तर काय असेल."

"मग बोलला का नाहीत?"

"तेच विचारतेय मी स्वतःला. थिएटरात डॉक्टर चुकीच्या पायाकडे वळले तर मी त्यांचा हात धरायचे. कितीही मोठा डॉक्टर असो. आणि इथं, आपल्या घरात, मी तोंड उघडून मिटलं. का, तर तुमचं घर, तुमची भिंत. मला काय म्हणायचा अधिकार." त्यांनी बदकाची चोच पुसली. "आणि तुम्ही सांगायचं होतंत, मला ससा हवाय. माझ्या मनातलं ओळखून गुपचूप घुबड कशाला बोलावलंत?"

"तुम्हीही तेच केलंत."

"हो. म्हणून तर घर भिजलं."

विमासाहेबांना राग आला. तो त्यांना इतक्या वर्षांनी आला होता की आधी ओळखू आला नाही. "मग आता काय, माझ्यावर खापर? मी तुम्हाला काही कमी पडू नये म्हणून जिवाचं रान करतोय. चहा विचारतो, पंखा विचारतो..."

"तेच. विचारू नका ना सारखं. पाहुण्यांना विचारतात." सिस्टरचा हात थांबला. "शोकेस सरकवायला नको म्हणालात, ते बरं केलंत. तुम्हाला ते इथंच हवं असेल तर इथंच राहील. पण मी तुमच्या आधी 'नको' म्हणाले ते प्रेमानं नाही. भीतीनं. कशाला हात लावावा आणि कशाला नाही, हेच मला चार महिन्यांत कळलेलं नाही. तुमच्या बायकोशी माझं काही भांडण नाही. तुमच्याशी आहे."

विमासाहेबांनी टॉवेलावरचा वाकड्या मानेचा बगळा उचलला. "हा तिनं घेतला तेव्हा मी फार चिडलो होतो," ते म्हणाले. "मान मोडकी आहे म्हणून परत करू म्हणालो. ती म्हणाली, मोडकी नाही, मागे वळून बघतोय. यावरून आम्ही संध्याकाळभर भांडलो." ते थांबले. "आम्ही खूप भांडायचो. ते मी विसरलोच होतो."

"मोडकीच आहे मान," बगळा हातात घेऊन सिस्टर म्हणाल्या.

"तेच तर मी म्हणत होतो."

त्या हसल्या. मग रडल्या थोड्या, आणि ते दिसू नये म्हणून टॉवेलानं त्याच बगळ्याला पुन्हा पुसू लागल्या. विमासाहेबांनी कोरडे झालेले पक्षी एकेक करून आत ठेवले. कुठला कुठे ते दोघांनी मिळून ठरवलं, आणि बदकांच्या बाबतीत एकमत झालं नाही.

त्या आठवड्यात त्या घरातून पहिल्यांदाच आवाज ऐकू आले. काकूंनी टीव्ही बंद करून ऐकलं. ससा की घुबड यावर सकाळी वाद होई, दुपारी थांबे आणि संध्याकाळी पुन्हा पेटे. "तुम्हाला ससा आवडतो, कारण जाहिरात छान आहे," असं सिस्टर म्हणाल्या तेव्हा विमासाहेबांच्या मर्मी लागलं. ते खरं होतं. त्यांनी भिंग घेऊन पुन्हा दोन्ही पत्रकं वाचली आणि सशाकडे बारीक टाइप दुप्पट आहे हे जाहीर मान्य केलं. घुबड ठरलं. सशाला नाही म्हणायला सिस्टरनी फोन घेतला आणि संगीत सुरू व्हायच्या आत काम संपवलं.

आणि त्याच आठवड्यात एक टेम्पो आला. त्यात सिस्टरचं लोखंडी कपाट होतं. लग्नानंतर 'इथं जागा कुठंय' म्हणून त्यांनी ते भाचीकडे ठेवलं होतं. आणू का, असं त्यांनी विमासाहेबांना विचारलं नाही; येतंय, असं सांगितलं. कपाट प्रचंड होतं, हिरवट रंगाचं आणि दार उघडताना हंबरणारं. ते पॅसेजच्या तोंडाशी बसलं. पहिल्याच दिवशी विमासाहेबांचा गुडघा त्याच्यावर आपटला.

"फार पुढे आलंय हे," ते कळवळून म्हणाले.

"सवय होईल," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी गुडघ्याला बर्फ लावला. कपाट हलवलं नाही.

घुबडाचा उंच माणूस पुन्हा आला. या वेळी सिस्टरनी भिंतीवर खडूनं फुली मारून ठेवली होती. तार आत आली, राउटरचे हिरवे दिवे लागले, दोघांच्या फोनवर सगळं धावू लागलं. फक्त आतल्या खोलीत, जिथे विमासाहेब आपला पट मांडून बसत, तिथे काहीच पोचेना. उंच माणसानं फोन हातात धरून दोन-तीन फेऱ्या मारल्या आणि तो कपाटापाशी थांबला.

"हे लोखंडी आहे ना. सिग्नल अडतोय याच्यामुळे. हे तेवढं हलवावं लागेल."

सिस्टर काही बोलणार तेवढ्यात विमासाहेब पुढे झाले. कचेरीत एखादा मोठा दावा फेटाळताना ते असेच उभे राहत असतील. "कपाट हलणार नाही," ते म्हणाले. "इंटरनेट आलं नाही तरी चालेल. मी बाहेर बसून खेळेन. पण हे कपाट इथंच राहील. कुणी हात लावायचा नाही."

उंच माणूस एक पाऊल मागे सरला. सिस्टर नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला ते खिडकीपाशीच हवंय. कालपासून सांगायचं म्हणतेय. इथं दार पूर्ण उघडत नाही."

"मग कालच सांगायचंत ना."

"काल तुमचा गुडघा दुखत होता. म्हटलं, लगेच हलवलं तर तुम्हाला वाटेल, तुमच्यासाठी हलवतेय."

"म्हणजे पुन्हा माझ्या मनातलं ओळखायला गेलात."

"आणि तुम्ही आत्ता काय केलंत?"

उंच माणसानं दोघांकडे पाळीपाळीनं बघितलं. मग तो खुर्चीवर टेकला, हत्यारांची पिशवी पायाशी ठेवली आणि त्यानं कचेरीला फोन लावला.

"पुढच्या घरी सांगून ठेवा, मला उशीर होईल," तो दबक्या आवाजात म्हणाला. "नाही, लाइन चालू आहे. कपाट हलवायचंय... नाही हो, भांडण नाही. घरातलंच चाललंय."